मार्गशीर्षातला हापसा

हापशाला सलाम ठोकणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी तो होतो. नव्वदच्या दशकात बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर जे हापसे उभे होते, त्यांतल्या पुष्कळांना माझा सलाम पोचलेला आहे. फटफटी बाभळीखाली लावायची, टोपी सारखी करायची, हापशासमोर जाऊन टाचा जुळवायच्या आणि कडक सलाम. पोरं खिदळायची, बायका पदर तोंडाला लावायच्या. मग मी बाह्या दुमडायचो, पंधरा लिटरची बादली हापशाच्या तोंडाखाली ठेवायचो आणि गुळाच्या बाजारातल्या अडत्यासारखा आवाज लावायचो, "एक वार! दोन वार! तीन वार!"

चाळीस वेळा हापसलं की बादली भरली पाहिजे. भरली तर हापसा चालू. नाही भरली तर बंद. एवढीच परीक्षा आणि मी परीक्षक.

नोकरी म्हणून हे काम मला मनापासून आवडायचं, हे कबूल करतो. आमच्या संस्थेनं दोन्ही तालुक्यांत हापसे खोदले होते, संडास बांधले होते. ज्यांनी पैसे दिले होते त्यांना पुढं एक रास्त शंका आली. बांधलं ते ठीक, पण पाच-सात वर्षांनी त्याचं काय झालं? ते बघायला माणूस हवा होता. दरवर्षी त्याच जागी जायचं, तोच तक्ता भरायचा, पुण्याला पाठवायचा. पुण्याहून तो आणखी पुढं जायचा. कुठं जायचा ते मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. मला बारामतीत एस.टी. स्टँडजवळ एक खोली होती, एक टेबल होतं, तक्त्यांचे गठ्ठे होते आणि बाहेर पडलं की रोज नवे प्रेक्षक.

संडासांची पाहणी तर निव्वळ करमणूक. काटेवाडीच्या पुढं एका घरी मी संडासाचं दार उघडलं, तर आतून कोंबडी माझ्या अंगावर आली. घरमालक धावत आला.

"हळू हळू! अंड्यावर बसलीया ती."

"अहो, पण संडासाचा वापर करता का नाही?"

"वापर? मागल्या खेपेला सतरा पिल्लं काढली की हितं!"

तक्त्यात रकाना होता, "वापर : होय / नाही". मी बराच वेळ पेन्सिल चावली आणि "होय" लिहिलं. ही गोष्ट मी पुढं शंभर ठिकाणी सांगितली आणि शंभर ठिकाणी लोक हसले. त्या "होय"चं पुण्यात काय होत असेल, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

आता मार्गशीर्षाचं सांगतो. पहिली पाहणी झाली ती मार्गशीर्षात, कारण पुण्याचे मोठे साहेब त्या सुमाराला इकडं आले होते आणि त्यांना हुरडा खायचा होता. साहेब माणूस वाईट नव्हता. मऊ आवाजाचा, स्वच्छ कपड्यांचा, खिशात नेहमी बडीशेप. कोवळी कणसं बघून लहान मुलासारखा टाळ्या वाजवायचा. त्या हुरड्याच्या दौऱ्यात पहिला तक्ता भरला गेला, आणि नियम असा की पुढच्या प्रत्येक वर्षी पाहणी त्याच महिन्यात व्हायला हवी. नाहीतर या वर्षाची मागच्या वर्षाशी तुलना कशी करणार? नियमात खोट काढायला जागा नव्हती. त्यामुळं माझे सगळे सलाम मार्गशीर्षात पडायचे. पावसाचं पाणी जमिनीत मुरलेलं, विहिरी टम्म, हवेत गारवा, ज्वारी उभी. मार्गशीर्षात हापसा बंद असायला तो मोडकाच असावा लागतो.

इंदापूरच्या बाजूला एक वस्ती होती. अकरा घरं. पूर्वी मेंढरं राखणारी माणसं, आता थोडी जिरायत शेती करून राहिलेली. वस्ती कालव्याच्या वरच्या अंगाला होती, आणि आमच्याकडं सगळा जन्म या एका गोष्टीवर ठरतो. कालव्याच्या खाली तुमचं रान असेल तर ऊस, दूधदुभतं, स्लॅबचं घर. वर असेल तर माळ. त्या वस्तीवर उभं राहिलं की खाली दूरवर हिरवा पट्टा दिसायचा. पाणी डोळ्यांना दिसतंय आणि चढून वर येत नाही, अशी जागा.

तिथले कारभारी आबा. मेंढरं विकून बरीच वर्षं झाली होती तरी चालताना काठी खांद्यावर आडवी धरायचे. पाहुणा आला की आबा स्वतः काळं घोंगडं आणून हापशाजवळच्या लिंबाखाली अंथरायचे. त्यावर बसल्याशिवाय आणि तिथलं पाणी प्यायल्याशिवाय कुणाला उठू द्यायचे नाहीत.

"पाणी घ्या आदी. आपल्या हापशाचं हाय. मग काय बोलायचं ते बोला."

आणि ताई. ताई वस्तीच्या पाणी समितीच्या अध्यक्षा, कारण अध्यक्ष बाईच हवी असा नियम होता. मी त्यांना अध्यक्षीणबाई म्हणायचो आणि त्या मला भाऊ म्हणायच्या. पस्तिशीच्या असतील. बारामतीत आम्ही बायकांना हापसा दुरुस्तीचं शिक्षण दिलं होतं, त्यात ताई पहिल्या आल्या. पान्यांची पिशवी त्यांच्या घरात दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असायची. घर त्यांनी आणि नवऱ्यानं स्वतः दगड रचून बांधलेलं. त्या घराबद्दल बोलायला लागल्या की भिंतीवर थाप मारून बोलायच्या, गाईच्या पाठीवर मारतात तशी.

चार वर्षं मी तिथं मार्गशीर्षात गेलो. चारही वर्षं पस्तिसाव्या-छत्तिसाव्यालाच बादली भरली. चारही वर्षं मी लिहिलं, "चालू".

चौथ्या वर्षी तक्त्यावर सही करताना ताईंनी पेन हातातच धरून ठेवलं.

"भाऊ, तुमी दर साली ह्याच म्हयन्यात का येता वो?"

"नियम आहे, अध्यक्षीणबाई. शिवाय तुमचा हुरडा."

"हुरडा पाठवून देऊ बारामतीला. तुमी चैत-वैशाखात या की एकदा."

"का? आंबे लागतात का इथं?"

त्या हसल्या नाहीत. "फाल्गुनात ह्यो हापसा खडखडतो. शिमग्यानंतर थेंब न्हाय. पाऊस पडंस्तवर कालव्यावरनं डोक्यावर पाणी. टँकर मागाया गेलं तर तालुक्याच्या कचेरीत तुमची यादी काढून दावत्यात. म्हंत्यात, तुमचा हापसा चालू हाय. सही कुणाची? माझीच."

मी काहीतरी विनोद शोधत होतो. सापडला नाही.

"मालक म्हंत्यात," त्या म्हणाल्या, आणि मालक म्हणजे त्यांचा नवरा, "औंदाच्या उन्हाळ्यात टँकर न्हाय आला तर खाली कालव्याकडंला पणदऱ्याला जायचं. उसाच्या कामाला. आन् जायचं म्हंजे कायमचंच. मला न्हाय जायचं, भाऊ. ह्यो दगूड न् दगूड मी वाहिलाय." आणि भिंतीवर थाप.

मी छातीवर हात ठेवून, अगदी पडदा पडायच्या आधी ठेवतात तसा, शब्द दिला. "साहेबांना घेऊन येतो. वैशाखात. त्यांच्या डोळ्यांनी दाखवतो."

आणि खरंच दाखवायचं ठरवलं. पुण्याला पत्रं लिहिली, फोन केले. साहेब म्हणाले, मे महिन्यात पाहणी करून उपयोग काय, ती तक्त्यात बसणार नाही. मग मी माझा हुकमी पत्ता टाकला. माझ्या बायकोच्या हातचा आमरस. साहेब विरघळले. दुपारी आमच्याकडं जेवण, त्याआधी एका वस्तीवर धावती भेट, असं ठरलं.

त्या दिवसाचं नाटक मी डोक्यात पुरतं बसवलं होतं. सलाम, बाह्या, अडत्याचा आवाज. चाळीस वेळा हापसायचं, पोरांनी मोजायचं, हापशाच्या पोटातून नुसता कोरडा खर्र आवाज. आणि चाळिसाव्याला रिकामी बादली उचलून साहेबांच्या पायाशी उपडी करायची. एक शब्द बोलायचा नाही. मी आरशासमोर बादली उपडी करण्याचा सराव केला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

भेटीची तारीख वस्तीला कळवायला हवी म्हणून मी पोस्टकार्ड टाकलं. त्या नोकरीच्या सात वर्षांत मी अशी कितीतरी कार्डं टाकली असतील. मजकूर पाठ होता, हात आपोआप चालायचा. "अमुक तारखेस सकाळी अकरा वाजता मोठे साहेब पाहणीसाठी येत आहेत. तरी कृपया संपूर्ण तयारी ठेवावी." खाली माझी लफ्फेदार सही.

तयारी ठेवावी म्हणजे काय, हे सगळ्या वस्त्यांना माहीत होतं. ओटा झाडून घ्यायचा, सांडपाण्याची चारी मोकळी करायची, अध्यक्षांनी घरी थांबायचं आणि हापसा चालू करून ठेवायचा. चार वर्षं मी हेच त्यांना शिकवलं होतं. कार्ड पेटीत टाकून मी वळलो आणि पानाच्या टपरीवर कोंबडीची गोष्ट सांगायला लागलो.

साहेबांची जीप वस्तीवर पोचली तेव्हा ऊन असं होतं की लिंबाची सावलीसुद्धा तापली होती. घोंगडं अंथरलेलं. हापशाला हळदकुंकू, दांड्याला झेंडूचा हार. आबा पांढराशुभ्र फेटा बांधून उभे. अकरा घरांतली झाडून सगळी माणसं गोळा झालेली. ताईंनी लुगडंही ठेवणीतलं नेसलं होतं. मला वाटलं, वा, प्रयोगाला गर्दी चांगली आहे.

मी सलाम ठोकला. साहेब खूश. बादली ठेवली, बाह्या दुमडल्या, दांडा धरला.

"एक वार!"

खर्र.

"दोन वार!" पोरंही ओरडली.

खर्र. मी साहेबांकडं दुःखी चेहऱ्यानं पाहिलं. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं.

सहाव्याला पाणी आलं.

आधी मला कळलंच नाही. बादलीत धो धो आवाज झाला, तो कुठून आला म्हणून मी मागं वळून पाहिलं. पोरं ओरडत होती, "सात वार! आठ वार!" आणि माझा हात चालतच राहिला, कारण पोरं मोजत असली की माझा हात थांबत नाही. विसावर बादली अर्धी. चाळिसाला काठोकाठ. वस्तीनं टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या, हुरड्याला वाजवायचे तशाच.

बादलीत वर एक हिरवा तंतू तरंगत होता. शेवाळाचा. बोटभर लांब, मऊ. जमिनीखाली काळ्या खडकात, जिथं दिवसाचा उजेड कधी पोचला नाही, तिथं शेवाळ वाढत नाही. ते वाढतं कालव्याच्या काठाला.

मी मान वर केली. ताई माझ्याकडं बघत होत्या आणि हसत होत्या. जमलं ना, असं विचारणारं हसू. मग माझी नजर मागं गेली. घरांच्या आडोशाला दोन बैलगाड्या, त्यांवर पत्र्याची पिंपं, खाली ओली माती. ताईंच्या हाताला पान्याचं ग्रीस होतं.

"कमाल आहे!" साहेब म्हणाले. "मे महिना आणि एवढं पाणी! बाई, तुम्ही जरा दांडा धरा. असं. इकडं बघा. हसा." कॅमेऱ्याचा खटका पडला. ताई खरोखरच छान हसल्या. त्या फोटोतलं ते हसू खोटं नाही.

आबांनी साहेबांना हाताला धरून घोंगड्यावर बसवलं. तांब्या-भांडं आलं. "पाणी घ्या, सायेब. आपल्या हापशाचं हाय." साहेबांनी घेतलं. मीही घेतलं. कोमट होतं आणि त्याला गाळाचा वास होता.

मग ताई पुढं आल्या. पाहुण्यांचा मान झाला होता, पाणी झालं होतं. आता मागायला हरकत नव्हती, असा त्यांचा हिशेब.

"सायेब, आमची येक मागणी हाय."

"बोला की."

"टँकर पायजे. पाऊस पडंस्तवर."

साहेब हसले, अगदी प्रेमानं हसले. "अहो बाई, हापसा इतका झकास चाललाय आणि टँकर कशाला?"

"त्ये पाणी हितलं न्हाय, सायेब. कालव्याचं हाय. काल दिसभर गाडीनं आणलं. सकाळी मीच वरचा बोल्ट काढून आत वतलं."

"ए, गप!" आबा कडाडले. "पाव्हण्याम्होरं काय बोलतीस? वस्तीला लाज आणतीस व्हय?"

"लाज कशाची, आबा? भाऊनीच कार्ड धाडलं. तयारी ठेवा म्हणून लिवलं व्हतं. मीच वाचलं की. सायेबाला कोरडा हापसा दावून, तोंड वर करून मागायचं कसं? म्हणून आदी पाणी केलं."

साहेबांचं हसू थोडं अडखळलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणतायत या?"

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कोंबडीची गोष्ट सांगतो, सलामाची सांगतो, ही सांगत नाही. आबांचा फेट्याखालचा चेहरा काळवंडला होता. चार वर्षं "चालू" लिहिणारा मी होतो, कार्ड माझं होतं, आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. सगळे माझ्याकडं बघायला लागले की मला एकच गोष्ट येते.

"साहेब," मी म्हणालो, "आमच्या अध्यक्षीणबाई अशाच. वगात असत्या तर सोंगाड्याला घरी बसावं लागलं असतं!"

हशा पिकला. साहेब सगळ्यात मोठ्यानं हसले, कारण त्यांना सुटल्यासारखं झालं. आबा हसले. पोरं हसली, त्यांना काय कळलं होतं कोण जाणे. ताईंनी पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि बादली उचलून घरात नेली. तेवढं पाणी वाया घालवून चालणार नव्हतं.

परतीच्या वाटेवर, कालवा ओलांडून उसाची रानं लागली, गार वारा आला, तेव्हा मला कंठ फुटला. मी साहेबांना सगळं सांगितलं. शेवाळ, पिंपं, फाल्गुन, पणदरे, कार्ड. साहेबांनी बडीशेप चघळत सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या खरं बोलत होत्या?"

"हो."

"मग तिथं तुम्ही विनोद का केलात?"

साहेबांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता मी काय लिहू, सांगा. पाणी मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मी प्यायलो ते पाणी. लोकांनी ते ओतलं असं लिहिलं, तर वरचे म्हणतील, मग मागच्या चार वर्षांचंही ओतलेलंच असेल. ही वस्तीच यादीतून जाईल. पुढच्या नळयोजनेतूनही. आणि मे महिन्याचा आकडा तसाही धरत नाहीत. राहू द्या. मार्गशीर्षात नीट बघू."

त्यांनी वाईट मनानं सांगितलं नव्हतं. दुपारी आमच्याकडं त्यांनी तीन वाट्या आमरस घेतला आणि बायकोच्या हाताची तारीफ केली.

मी स्वतः कचेरीत जाऊन आलो. टँकरचं काम बघणाऱ्या गृहस्थांनी आमचीच यादी माझ्यासमोर धरली. त्या वस्तीपुढं माझ्याच अक्षरात चारदा लिहिलेलं होतं. "तुम्हीच म्हणताय चालू आहे. आता तुम्हीच म्हणताय बंद आहे. आम्ही कोणत्या तुमचं ऐकायचं?" मी त्यांना कोंबडीची गोष्ट सांगितली नाही. नुसता बाहेर आलो.

टँकर आला नाही. पाऊस उशिरा आला, तोही थोडा. वस्तीवर जायचं धैर्य मला मार्गशीर्षापर्यंत झालं नाही. मार्गशीर्षात नियमच होता, म्हणून गेलो.

फटफटीचा आवाज ऐकून नेहमी पोरं धावत यायची. त्या दिवशी कुणी आलं नाही. अकरांपैकी सात घरांना कुलपं. ताईंच्या घराच्या दगडी भिंती ताठ होत्या, पण छपराचे पत्रे काढून नेलेले होते. वरून आभाळ दिसत होतं. दाराजवळची खुंटी रिकामी.

आबा काठी टेकत आले, आता खांद्यावर नव्हती. घोंगडं घेऊन आले आणि लिंबाखाली अंथरलं.

"कुणीच न्हाय का, आबा?"

"हायती की चार म्हातारी. बाकी खाली गेली. या, बसा. पाणी घ्या आदी."

मी सलाम ठोकला नाही. बादली ठेवली आणि हापसायला लागलो. मोजायला कुणी नव्हतं म्हणून मनात मोजत होतो. तिसऱ्यालाच पाणी आलं. स्वच्छ, गार, खडकाच्या पोटातलं. तिसाव्याला बादली भरली. आता अकरा घरांचं ओझं नव्हतं, हापसा आधीपेक्षा जोरात चालत होता. मी तक्ता काढला आणि लिहिलं, "चालू". पुढचा रकाना होता, "लाभार्थी कुटुंबे". तिथं पहिल्या वर्षीचाच आकडा भरायचा नियम होता, तुलनेसाठी. मी अकरा लिहिलं. अध्यक्षांच्या सहीची जागा मोकळी सोडली. आबांनी पाणी दिलं ते मी प्यायलो. खरोखर गोड होतं.

त्या वर्षी संस्थेनं एक गुळगुळीत पुस्तिका काढली, इतक्या वर्षांनंतरही टिकून राहिलेल्या कामांची. मुखपृष्ठावर ताई होत्या. हापशाचा दांडा धरलेला, झेंडूचा हार, आणि ते हसू. माझ्या खोलीत तिचा एक गठ्ठा आला. मी एक प्रत घेतली आणि पणदऱ्याला गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. माफी मागायची होती, असं लिहिलं तर बरं दिसेल.

ताई एका बागायतदाराच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहत होत्या. पत्र्याची खोली, दारासमोर नळ, नळाखाली सिमेंटची टाकी भरून वाहत होती. त्या म्हशींना वैरण टाकत होत्या. मला बघून हात झटकले.

"भाऊ, हितं बी मोजाया आला व्हय?"

"नाही, ताई. सहज."

"बसा." घोंगडं नव्हतं. पोतं टाकलं. नळ सोडून तांब्या भरून आणला. "घ्या. ह्ये वतलेलं न्हाय."

मी पाणी प्यायलो. पुस्तिका पुढं केली. त्यांनी फोटोकडं बराच वेळ पाहिलं. ओल्या बोटानं डाग पडू नये म्हणून पुस्तिका दोन्ही तळव्यांवर धरली होती.

"लुगडं चांगलं दिसतंय," त्या म्हणाल्या. मग, "औंदा काय लिवलं हापशाचं?"

"चालू."

"खरं चालू?"

"खरं. तिसाव्याला भरली."

"मग ब्येस हाय." त्यांनी पुस्तिका मला परत दिली, ठेवून घेतली नाही. आत गेल्या आणि पान्यांची पिशवी घेऊन आल्या. एकेक पाना काढून पोत्यावर मांडला. सगळे होते. तेल लावून पुसलेले, एकावरही गंजाचा ठिपका नाही. मार्गशीर्षाच्या उन्हात चकाकत होते.

"ही तुमच्या संस्थेची. तुमी न्यायची ऱ्हायली व्हती. तितं जी कोण ऱ्हाईल तिला द्या."

तिथं कुणी राहणार नव्हतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तक्त्याच्या शेवटच्या पानावर एक रकाना होता, "दिलेली साधने व त्यांची स्थिती". आजवर मी तो कधी भरला नव्हता. पिशवी उचलून मी उठलो तेव्हा ताई म्हशीकडं वळल्या होत्या.

"लिवा," मागं न वळता त्या म्हणाल्या, "पाने चांगले ठेवले व्हते म्हणून."

मी लिहिलं. सात वर्षांच्या सगळ्या तक्त्यांत मी भरलेला तेवढाच एक रकाना असा आहे, ज्याच्याबद्दल मला आजही काही शंका नाही.